पारा सदतीसवर

१२ डिसेंबर १९९७, कोपरी

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा:

अंडी उबवायची पेटी, पहिली, शंभर अंड्यांची, चहाच्या खोक्याच्या फळ्यांतून, साल १९७९. ती धरून तशा पेट्या एकशे बारा. टिटवाळा, बदलापूर, मुरबाडपर्यंत गेल्या, एकही परत आली नाही. पेटीतली उष्णता वाढली की फुगून दिवा बंद करणारी पितळी चकती. बापाच्या होडीचं सुकाणू. (होडी गेली, सुकाणू माळ्यावर आहे.) तो माळाही मीच केलेला. मंजुळेची मासळी कापायची विळी. धाकट्या बहिणीच्या, रतनच्या लग्नातलं सागवानी कपाट. पुढच्या दाराची कडी. आणि ही वही, पाठीला कापड लावून शिवलेली.

शिक्षण सातवी नापास. इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतो. हे मुद्दाम लिहितो, कारण आज डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे चार पानी फॉर्म सरकवला आणि शेवटच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे नवऱ्याची सही." मी म्हटलं, समजल्याशिवाय मी वीजमंडळाच्या कागदावरही सही करत नाही.

प्रकरण असं. मंजुळेची धाकटी बहीण मालू डोंबिवलीला असते. तिचा नवरा सहदेव एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी मालूचं बाळ जन्मताच गेलं, रक्त थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं. बीजकोश मात्र शाबूत आहेत. तर आता मालूचं बीज आणि सहदेवचं बीज बाहेर एकत्र करायचं आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवायचा. ती दुसरी बाई म्हणजे मंजुळा. अडतीस वर्षांची, माझी बायको.

ती तिथल्या तिथे हो म्हणाली. मला विचारलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

१५ डिसेंबर

विठ्ठलवाडीचा माझा पेट्यांचा कारखाना बंद ठेवून क्लिनिकला गेलो. डॉ. मंदाकिनीबाईंना एकवीस प्रश्न विचारले. त्यांनी सतरांची उत्तरं दिली, चारांना हसल्या. समजलं ते असं:

मंजुळेला आधी गोळ्या. त्याने आतलं अस्तर जाड होतं, आठ मिलिमीटर तरी हवं. तिकडे मालूला सुया, म्हणजे एका महिन्यात एकाऐवजी पाचसात बीजं पिकतात. दोघींची पाळी आधी एका तारखेला आणायची. मालूची बीजं सुईने ओढून काढायची, बशीत सहदेवच्या बीजाशी गाठ घालायची, आणि बशी पेटीत ठेवायची. पेटी! मी विचारलं, "किती अंशावर?" त्या म्हणाल्या, "बरोबर सदतीस. अर्धा अंश वर गेला तरी गर्भाला सोसत नाही." मी म्हटलं, "कोंबडीला सदतीस पूर्णांक सात." त्या म्हणाल्या, "असेल बुवा."

दोन दिवसांनी गर्भाच्या चार पेशी होतात. मग तो बारीक नळीतून मंजुळेच्या पोटात सोडायचा. भूल नाही, टाका नाही. दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं.

बाळ मालूचं आणि सहदेवचंच. मंजुळेचं त्यात रक्ताचं काही नाही. हे मी तीन वेळा विचारून घेतलं.

निघताना बाई म्हणाल्या, "काही घरांतून सांभाळणाऱ्या बाईला रक्कम देतात. तुमचं आपसात ठरलंय का?" मी म्हटलं, "आमच्यात बहिणीच्या पोराचे पैसे घेत नाहीत." मंजुळा पायांकडे बघत होती. दिवसभर मासळीच्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचांना भेगा पडल्यात.

२२ डिसेंबर

सही केली. आधी पेटीतलं चौथ्या दिवसाचं अंडं दिव्यापुढे धरून मंजुळेला दाखवलं. लाल कोळ्यासारखं जाळं, मध्ये ठिपका. ती म्हणाली, "म्हंजे मी तुमची एकशे तेरावी पेटी."

मी म्हटलं, चेष्टा नको, तत्त्व तेच आहे. उष्णता, ओल, आणि धक्का नाही.

"पेटीला बाजार नसतो ना," ती म्हणाली. मग लगेच गाळ्याचा विषय काढला. कोपरीच्या बाजारात नवे ओटे बांधलेत, नळ आणि पत्र्यासकट. शेजारच्या रंगूबाईने नाव दिलंय. अनामत पंचेचाळीस हजार, शेवटची तारीख एकतीस जानेवारी. "एकोणीस वर्सं डोक्यावर पाटी हाय, अवो. मान वळत नाय आता."

मी म्हटलं, पुढे कधीतरी बघू. पेट्यांची मागणी पुण्याच्या मोठ्या कंपन्यांनी खाल्ली हे तिला ठाऊक आहे, म्हणून जास्त बोललो नाही.

५ जानेवारी १९९८

अस्तर ६.२ मिमी. कमी आहे. गोळ्या वाढवल्या.

९ जानेवारी

अस्तर ८.४. बाई म्हणाल्या, छान. मंजुळा अजून पाटी घेऊन जाते. सांगून थकलो.

१२ जानेवारी

मालूची सात बीजं निघाली. तिला भूल दिली होती. शुद्धीवर येताच तिने माझा हात मंजुळेचा समजून धरला आणि म्हणाली, "ताय, सात!" मी सोडवून घेतला नाही.

आजपासून मंजुळेला रोज संध्याकाळी तेलातलं इंजेक्शन, दोन मिली, कमरेखाली. आमच्या दोन गल्ल्या सोडून राहणारी रंभा क्लिनिकमध्येच नर्स आहे. ती म्हणाली, "दुपारी ड्यूटीला जाण्याआधी मी देत जाईन, दामाजीभाऊ." मी म्हटलं, कोंबड्यांना लस टोचतो मी, आठशे पिल्लांत एक दगावलं नाही. रंभेने मंजुळेकडे पाहिलं. मंजुळा म्हणाली, "दे गं त्यांच्याकडे. नायतर जेवायचे नाहीत."

१४ जानेवारी, संक्रांत

आज सोडले.

सातांपैकी पाच जुळले, तीन चांगले. मला आत घेणार नव्हते, पण बाईंनी दाराशी उभं राहू दिलं. टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं: दोघांच्या चार चार पेशी, एकाच्या तीन. साबणाचे बुडबुडे एकमेकांना चिकटावेत तसे. मी आजवर हजारो अंडी दिव्यापुढे धरली, पण इतकं उघडं कधी पाहिलं नव्हतं. चष्मा पुसावा लागला.

क्रिया क्रमाने: मंजुळेला भरपूर पाणी पाजून ठेवलेलं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय सरळ होतं आणि सोनोग्राफीत नीट दिसतं. आधी बाहेरची नळी. मग आतल्या खोलीतून दुसरी, मऊ, सुतळीहून बारीक नळी आली, टोकाला सिरिंज. नळीत थेंब, थेंबात तिन्ही गर्भ, थेंबाच्या पुढेमागे हवेचा एकेक बुडबुडा. बाईंनी दट्ट्या इतका हळू दाबला की हाताची शीरही हलली नाही. पडद्यावर पांढरा ठिपका चमकला. एक मिनिट थांबून नळी काढली. नळी परत सूक्ष्मदर्शकाखाली नेली, आत काही अडकलं नाही ना ते पाहायला. आतून आवाज आला, "रिकामी." एकूण अकरा मिनिटं. अशा हाताच्या बाईला मी माझ्या कारखान्यात मुख्य कारागीर केलं असतं.

दोन तासांनी बाई म्हणाल्या, "आता उठा, घरी जा. जड उचलू नका, बाकी नेहमीसारखं राहा."

नेहमीसारखं! पेटीत ठेवलेलं अंडं कोणी नेहमीसारखं ठेवतं का? बाई हुशार आहेत, पण सोडल्यानंतरचं काम त्यांचं नाही. ते माझं.

रिक्षा पायी चालण्याच्या वेगाने आणवली. रिक्षावाला म्हणाला, "काका, अंडी हायेत काय आत?" मंजुळा इतकी हसली की तिला दरडावावं लागलं.

१५ जानेवारी

व्यवस्था पूर्ण. खाटेच्या पायथ्याखाली दोन दोन विटा. खिडकीला कांबळं. डोक्याशी थर्मामीटर, पेटीतला, सेंटिग्रेडचा, माझ्या खात्रीचा. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात अशा तिच्या अंगाच्या उष्णतेच्या नोंदी. (दुपारची तिने स्वतः घ्यायची, मी विठ्ठलवाडीला असतो.) कुशीवर वळणं आठ तासांनी एकदा, पेटीतली अंडी फिरवतात तसं. स्वयंपाक मी करतो.

अडचण एकच. दारावर कोणी आलं की ती उठते. शिवाय कोळीवाड्यात अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. म्हणून जाताना बाहेरून कडी घालतो. लोकांना वाटेल घरात कोणी नाही. ही कडी १९८६ ची, जाड लोखंडाची, आतून कोणालाही उघडणं शक्य नाही.

मंजुळा म्हणाली, "आग लागली तर?"

मी म्हटलं, चूल विझवून जातो.

१७ जानेवारी

सकाळी ३७.१, संध्याकाळी ३७.४.

१८ जानेवारी

सकाळी ३७.३. दुपारी ३७.४. संध्याकाळी ३७.५. ताप नाही, खोकला नाही, जीभ स्वच्छ. मग पारा का चढतो?

तिला विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, "कोंडल्यासारखं."

ते सोडून, म्हटलं.

"ते सोडून बरं हाय."

१९ जानेवारी

कारण सापडलं. आलेख काढला. इंजेक्शन सुरू झालं त्याआधी, क्लिनिकच्या कागदावर, पारा ३६.७. सुरू झाल्यावर रोज थोडा वर. म्हणजे इंजेक्शन हा दिवा आहे. पेटीत पारा चढला की आपण काय करतो? वात खाली घेतो. बाईंचे शब्द वहीत आहेत: अर्धा अंश वर गेला तरी गर्भाला सोसत नाही.

त्यांना फोन करावा असं मनात आलं. पण मग त्या म्हणतील, तुम्ही थर्मामीटर कशाला लावलात, आणि पुन्हा हसतील.

आज एकच मिली भरलं. उरलेलं फेकलं. मंजुळेला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. ते तेल जाड असतं, आत जायला वेळ लागतो. ती पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "आज लवकर आटपलं?"

मी म्हटलं, हात बसला आता.

तिने साडी सारखी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

२० जानेवारी

पारा ३७.४. एक मिली.

कडीचा दांडा मी नेहमी डावीकडे पाडतो. आज उजवीकडे होता. शेजारच्या रंगूबाईला विचारलं, कोण आलं होतं? ती म्हणाली, "पोरं खेळतात हो, दांडा बघितला की हलवायचा." आतून उघडत नाही एवढंच मी पाहिलं होतं. बाहेरून कोणीही उघडू शकतं. कुलपाची सोय करावी लागेल. पण कुलूप म्हटल्यावर मलाच कसंतरी वाटलं.

२१ जानेवारी

निम्मं करूनही पारा उतरत नाही! सकाळी ३७.४, दुपारी ३७.४, संध्याकाळी ३७.५. थर्मामीटर दुसऱ्याशी ताडून पाहिला, बरोबर आहे. माझा हिशेब कुठेतरी चुकतोय, पण कुठे ते दिसत नाही. आज अर्धा मिली.

मंजुळेच्या चपलांना ओली माती होती. खाटेवरून न उतरलेल्या बाईच्या चपलांना. म्हणाली, मागे न्हाणीत गेले होते. न्हाणीत फरशी आहे, मीच बसवली.

उठतेस तर, म्हटलं.

"मंग काय गादीतच करू?"

२२ जानेवारी

अर्धा मिली. पारा हटत नाही. कारखान्यात दोनशे अंड्यांच्या पेटीची चकती उलटी बसवली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी मालू आणि सहदेव आले. मालू दाराशीच थबकली. खिडकीचं कांबळं, विटा, भिंतीवरचा आलेख बघत राहिली. "भावजी, डॉक्टर तर म्हणाल्या की फिरू दे ताईला."

"तुझ्या वेळी पण डॉक्टर म्हणालेच होते, बाळ नीट होईल म्हणून," मी म्हणालो. तोंडातून गेलं. मालूचा चेहरा पांढराफटक पडला. सहदेव तिला घेऊन बाहेर गेला.

मंजुळा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वळायची वेळ झाली वाटतं माझी."

उद्या डोंबिवलीला जाऊन मालूची माफी मागायची. (गेलो नाही. आजही अर्धा मिली. २३ जानेवारी.)

२४ जानेवारी

इंजेक्शनं संपत आली म्हणून क्लिनिकला गेलो. सहज विचारल्यासारखं बाईंना विचारलं, हे इंजेक्शन नेमकं काय करतं?

त्या पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अस्तर टिकवून धरतं. एरवी हे काम बीजकोश करतो, पण इथे गर्भ बाहेरून आलाय, ताईंच्या शरीराला त्याची खबर नाही. इंजेक्शन कमी पडलं तर अस्तर गळून जाईल. पाळी येईल. सगळं वाहून जाईल."

आणि उष्णता?

"याने अंग थोडं गरम राहतंच. राहायलाच हवं. पेटीचा आकडा पेटीसाठी, दामाजीराव. बाईचं अंग स्वतःचं बघून घेतं." आणि थांबून, "हे तुम्ही आधीच विचारायला हवं होतं."

जिना उतरताना कठडा धरला. पाच दिवस. पाच! ते तीन बुडबुडे मी स्वतः पडद्यावर पाहिलेत.

संध्याकाळी पुरे दोन मिली भरलं. मंजुळा म्हणाली, "आज वेळ लागला."

हो, म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि उशीत तोंड घातलं.

कोणाला सांगू? मालूला तोंड आधीच दाखवण्यासारखं नाही. बाईंना सांगितलं तर त्या रंभेला सांगतील, रंभेने सांगितलं की कोळीवाडा. मंजुळेला सांगितलं तर ती दहा दिवस त्या खाटेवर कशासाठी पडलीय?

२५ जानेवारी

कडी घातली नाही. दार नुसतं ओढून घेतलं. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो आणि कडी घातली. का, ते लिहिता येत नाही.

रोज संध्याकाळी आधी तिच्या साडीकडे बघतो. डाग नाही.

२६ जानेवारी

डाग नाही. सुट्टीमुळे दिवसभर घरात. चार भिंतींत दोघं. ती पडून, मी तिच्यासमोर खुर्चीवर. ती म्हणाली, "तुम्ही तरी बाहेर जा की. तुम्हाला कोनी कोंडलंय?"

मी म्हटलं, काही होणार नाही असं समजू नकोस, झालंच तर दोष कोणाचा नसतो.

"असं का?" ती म्हणाली.

कागदावर माफीचं पत्र लिहायला घेतलं, मालूच्या नावाने. तीन ओळींनंतर फाडलं.

२८ जानेवारी

सकाळी रक्त दिलं. दुपारी तीनला निकाल. मालू आणि सहदेव आधीच येऊन बाकावर बसले होते. मालूने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाई कागद घेऊन बाहेर आल्या आणि मंजुळेपुढे उभ्या राहिल्या. "राहिलाय. आकडा चांगला आहे."

मालू मंजुळेच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. मंजुळा तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, "उठ गं येडे, माझी साडी भिजली."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. पाच दिवस निम्म्याहून कमी औषध, तरी राहिला. हे कसं झालं याचा विचार करत होतो, तेवढ्यात रंभा पेढा घेऊन आली. म्हणाली, "वहिनींची कमाल. रोज बाराच्या उन्हात यायच्या उरलेलं घ्यायला."

मी म्हटलं, काय उरलेलं?

तिचा पेढ्याचा हात तिथेच राहिला. मग सांगून टाकलं. एकोणीसच्या रात्रीच मंजुळेला कळलं होतं, तेल किती वेळ टोचतं यावरून. दुसऱ्या दिवशी रंगूबाईने बाहेरून कडी काढली आणि दोघी रंभेकडे आल्या. रंभेने बाईंना विचारलं, बाईंनी पाच अँप्युल तिच्याकडे दिल्या. एकोणीसचं राहिलेलं वीसच्या दुपारी भरून काढलं, आणि मग मी किती कमी दिलं ते मंजुळा अंदाजाने सांगायची, तेवढं रंभा रोज द्यायची. चोवीसला पुरं दिलं ते तिला कळलं, दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही.

म्हणजे चोवीस तारखेला मी विचारलं तेव्हा बाईंना सगळं ठाऊक होतं.

"मनाला लावून घेऊ नका, भाऊ," रंभा म्हणाली. "मोठ्या मोठ्या लोकांचं चुकतं." आतून दोन नर्सा बघत होत्या. पेढा कागदात गुंडाळून खिशात घातला.

घरी आल्यावर विटा काढल्या. कांबळं काढलं. मंजुळेला विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

ती आलेखाचा कागद भिंतीवरून काढून घडी घालत होती. "तुम्हाला कोनी कधी सांगितलंय, तुमचं चुकलं म्हणून? आणि तुम्ही ऐकून घेतलंय कधी?" रागाने नाही म्हणाली. मग म्हणाली, "मला ते पोर हवं होतं मालूसाठी. तुमच्याशी भांडायला बसले असते तर दुपार निघून गेली असती."

सहा वाजता सहदेव एकटा आला. चहा नको म्हणाला. मंजुळा आत ओट्याशी होती. त्याने खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दामाजीभाऊ, पगारावर कर्ज काढलंय. मालूचा आणि माझा विचार आहे. ताईंनी मागितलेलं नाही, पण गाळ्याचं रंगूबाईंकडून कळलं. एकतीसच्या आत भरायचे आहेत ना. ताईंच्या नावाने."

मी पाकीट उघडलंही नाही. उभा राहिलो. म्हणालो, या घरात पोट भाड्याने दिलं जात नाही. आजवर या घरात जे आलं ते माझ्या हातांनी आलं. जे लागेल ते मी करीन. उचल.

"भाऊ, भाडं नाही हो हे—"

"उचल."

आत झाकण पडल्याचा आवाज झाला. मंजुळा बाहेर आली नाही. सहदेवने दोन वेळा आतल्या दाराकडे पाहिलं, मग पाकीट उचललं.

तो गेल्यावर मंजुळेने मासळी तळली, मला वाढलं, स्वतः जेवली नाही. कोरड्या उलट्यांची सुरुवात असावी. इतक्या लवकर होत नाहीत असं बाई म्हणाल्या होत्या, विचारून घ्यायला हवं. आता ती पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली आहे, पाटीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ गुंडाळत. जुनी विरली म्हणून नवी करते आहे. दार सताड उघडं आहे.

नोंद पक्की राहावी म्हणून लिहितो. सहदेवने मंजुळेच्या नावाने देऊ केलेली रक्कम मी नाकारली. रुपये पंचेचाळीस हजार.